फोटोचं लिव्ह अँड लायसन्स: मासिकाकडून योग्य मोबदला कसा ठरवायचा

सासवडच्या एका सलूनमध्ये दाढीला बसलो होतो. आरशाच्या वर एका खाद्यतेलाच्या व्यापाऱ्याचं कॅलेंडर, आणि जुलैच्या पानावर माझा फोटो. दिवे घाटाच्या वळणावर पावसात चढणारी दिंडी, पुढे डोक्यावर तुळस घेतलेली एक आजी. तेलाच्या डब्याला जागा करायला वरच्या पताका कापून टाकल्या होत्या. माझं नाव अर्थातच नव्हतं. गालाला साबणाचा फेस आणि गळ्याशी वस्तरा, त्यामुळे ओरडताही येईना.

तो फोटो मी दोन वर्षांपूर्वी एका मासिकाला पाचशे रुपयांत दिला होता. दिला म्हणजे व्हॉट्सॲपवर ‘चालेल’ एवढं लिहिलं होतं. कशासाठी चालेल, किती दिवस चालेल, आणखी कुणाला चालेल, यातलं काही नाही. मासिकाने तो पुढे आपल्या जाहिरातदाराला देऊन टाकला. जाब विचारायला गेलो तर त्यांनी माझंच ‘चालेल’ माझ्यासमोर धरलं.

तेव्हापासून मी फोटोकडे फ्लॅटसारखा बघतो. महाराष्ट्रात कुणीही आपला फ्लॅट ‘चालेल’ म्हणून परक्याच्या ताब्यात देत नाही. लिव्ह अँड लायसन्सचा करार होतो, अकरा महिन्यांची मुदत लिहितात, कोण राहणार ते लिहितात, पोटभाडेकरू ठेवायचा नाही असंही लिहितात. मुदत संपली की पुन्हा बोलणी. फोटोच्या परवान्याचं अगदी हेच असतं. मासिकाला फोटो विकत द्यायचा नसतो, ठरावीक कामासाठी ठरावीक काळ वापरायला द्यायचा असतो. हे एकदा डोक्यात बसलं की दराची बोलणी निम्मी सोपी होते.

फ्लॅट कुणाच्या नावावर आहे?

भाडं मागण्याआधी मालकी तपासा. तुम्ही स्वतःच्या मनाने, स्वतःच्या खर्चाने काढलेला फोटो तुमचा. नोंदणी केली नाही तरी तुमचाच. शटर दाबताच हक्क तयार होतो आणि तुमच्या हयातीत व त्यानंतर ६० वर्षं टिकतो.

पण कॉपीराइट कायदा, १९५७ मधलं कलम १७ वाचून ठेवा, कारण तिथे एक खड्डा आहे. कुणी मोबदला देऊन तुमच्याकडून फोटो काढून घेतला आणि वेगळा काही करार नसेल, तर पहिला मालक तो पैसे देणारा. लग्नाच्या फोटोंचं असंच असतं. आणि संपादकांनी ‘पंढरपूरला जा, आमच्यासाठी फोटो काढून आणा, इतके देऊ’ म्हटलं तर त्या फोटोंचंही तसंच. म्हणून नेमून दिलेलं काम घेताना, निघायच्या आधी, एक ओळ लिहून घ्या: ‘छायाचित्रांचा कॉपीराइट छायाचित्रकाराकडे राहील, मासिकाला या अंकापुरता वापराचा परवाना असेल.’ परत आल्यावर हे मागायला गेलात तर कुणी देत नाही.

वृत्तपत्रात किंवा मासिकात पगारी नोकरी असेल तर गणित आणखी वेगळं. नियतकालिकात प्रसिद्ध करण्यापुरता हक्क मालकाचा, बाकी बाबतीत तुमचा, पण तोही नेमणूकपत्रात उलट काही लिहिलेलं नसेल तर. कपाटातलं नेमणूकपत्र काढून बघा. बहुतेकांनी ते सही करताना वाचलेलंच नसतं.

पहिल्या मेसेजला आकडा सांगायचा नाही

विचारणा साधारण अशी येते:

‘नमस्कार सर, तुमचा दिवे घाटाचा फोटो इन्स्टावर बघितला. अप्रतिम! आमच्या आषाढी विशेषांकात घेतला तर चालेल ना? नावासकट देऊ. मानधन किती अपेक्षित आहे? अंक परवा छपाईला जातोय.’

यात तीन सापळे आहेत. कौतुक, घाई आणि ‘मानधन’ हा शब्द. मानधनात मान मोठा आणि धन लहान. तो शब्द एकदा स्वीकारला की पुढे आकड्यावर बोलणं असंस्कृत वाटायला लागतं. मी उत्तरात ‘वापरशुल्क’ लिहितो. कोरडा शब्द आहे, पण वीजबिलाइतकाच निर्विकार, आणि तेच हवं असतं.

उत्तर असं द्या:

‘धन्यवाद मॅडम. फोटो उपलब्ध आहे. दर वापरावर ठरतो, म्हणून एवढं कळवा: मुखपृष्ठावर की आत? आत असेल तर पाव पान, अर्धं, पूर्ण की जोडपान? किती प्रती छापता? वेबसाइट, ई-अंक आणि तुमच्या सोशल मीडियावरही टाकणार का? त्या पानाला प्रायोजक आहे का? तुमचं जाहिरातींचं दरपत्रकही पाठवाल का? अर्ध्या तासात कोटेशन देतो.’

शेवटचं वाक्य महत्त्वाचं. त्यांना घाई आहे हे खरं असतं आणि तुम्ही अडवणूक करत नाही हे त्यांना दिसायला हवं. शिवाय अंक परवा छपाईला जात असेल तर पर्यायी फोटो शोधायला त्यांच्याकडेही वेळ नाही. ही गोष्ट बोलून दाखवायची नसते, मनात ठेवायची असते.

प्रायोजकाचा प्रश्न मी सलूननंतर शिकलो. लेखासोबत फोटो छापणं हा संपादकीय वापर. तेलाच्या डब्याशेजारी छापणं ही जाहिरात, आणि जाहिरातीला फोटोतल्या माणसाची संमती लागते, ती लेखी घेतलेली बरी. त्या आजींनी मला फोटो काढू दिला होता. तेल विकायला त्यांनी होकार दिला नव्हता, आणि तो देण्याचा अधिकार माझ्याकडेही नव्हता.

आकडा कुठून आणायचा

मित्रांना विचारून दर ठरवू नका. भिडस्त मित्र कमी सांगतो, फुशारकी मारणारा जास्त. तयार फोटो विकणाऱ्या विदेशी स्टॉक साइटवरचे दरही बाजूला ठेवा. शटरस्टॉकसारख्या ठिकाणी एका डाउनलोडमागे फोटोग्राफरच्या हातात दहा सेंटही पडू शकतात, ते दर आपल्या बोलणीत आणले की आपणच आपला पाय कापला. मी दोन बाजूंनी हिशेब करतो.

पहिली बाजू खर्चाची. माझ्या वारीचं उदाहरण घेऊ. आकडे तुमचे वेगळे येतील, पद्धत बघा. तीन दिवस वारीत. प्रवास, मुक्काम, जेवण मिळून ४,५०० रुपये. कॅमेरा आणि लेन्स तीन लाखांची, पाच वर्षं चालणार, म्हणजे वर्षाला ६०,०००. वर्षातले ६० दिवस मी बाहेर काम करतो, तर दिवसाला १,००० आणि तीन दिवसांचे ३,०००. माझी स्वतःची मजुरी दिवसाला २,५००, तीन दिवसांचे ७,५००, आणि घरी बसून फोटो निवडायचा नि सुधारायचा एक दिवस, आणखी २,५००. एकूण १७,५००.

तीन दिवसांत हजारभर फोटो निघतात. कुणाला देण्यासारखे दहा. त्यातले प्रत्यक्षात मागितले जाणारे, नशीब चांगलं असेल तर, तीन. म्हणजे एका फोटोने साधारण ५,८०० रुपये कमवायला हवेत, तेव्हा कुठे खर्च निघतो. तोच फोटो पुढच्या काही वर्षांत तीन वेगवेगळ्या ठिकाणी वापरला गेला तर एका वापराला १,९५० पडतात. मी २,००० धरतो. ही माझी तळरेषा. याखाली मी खिशातून पैसे घालून मासिक चालवतोय असा अर्थ होतो.

याच हिशेबातून एक्सक्लुझिव्हचं उत्तरही मिळतं. ‘फोटो दुसऱ्या कुणाला देऊ नका’ असं मासिक म्हणालं, तर ते माझे उरलेले दोन भाडेकरू घालवतंय. मग तळरेषा २,००० नाही, ५,८०० होते. कसलाही वाद न घालता हे तीन ओळींत समजावता येतं आणि बहुतेक वेळा एक्सक्लुझिव्हचा आग्रह तिथेच विरघळतो.

दुसरी बाजू मासिकाच्या ताकदीची. म्हणून तर दरपत्रक मागितलं. जाहिरातीच्या एका पानाला ते काय घेतात हे कळलं की त्यांच्या पानाची किंमत कळली. समजा पूर्ण पानाचे ४०,००० घेत असतील. माझा ढोबळ नियम असा की पूर्ण पान फोटोला त्याच्या दहा टक्के, म्हणजे ४,०००. अर्ध्या पानाला याचा साठ टक्के भाग, पाव पानाला चाळीस. जोडपानाला दीडपट. मुखपृष्ठाला तिप्पट, कारण स्टॉलवर अंक मुखपृष्ठ बघून उचलला जातो. वेबसाइटचे वर्षाला वेगळे हजार. हा काही सरकारी दर नाही, माझा स्वतःचा आहे. पण ‘मला वाटलं म्हणून’ यापेक्षा त्याला आधार असतो, आणि संपादकांना त्यांच्याच दरपत्रकातून आलेला आकडा सहसा खोडून काढता येत नाही.

आता दोन आकडे हातात आहेत: खाली २,०००, अपेक्षित ४,०००. कोटेशन ५,००० चं द्यायचं. घासाघीस होणार हे दोघांनाही माहीत असतं. थेट ४,००० सांगून त्यावर अडून बसलात तर तुम्ही ताठ ठरता, आणि समोरच्या उपसंपादिकेला वरिष्ठांना दाखवायला काही सवलतही मिळत नाही.

घासाघीस: भाडं नाही, खोल्या कमी करा

‘सर, एवढं बजेट नाही हो.’

इथे बहुतेक जण लगेच खाली येतात. पाचाचे चार, चाराचे दोन, आणि परवाना तेवढाच मोठा. मग समोरच्याला वाटतं, पहिला आकडा हवेतलाच होता. मी आधी विचारतो, ‘किती आहे?’ आणि गप्प बसतो. फोनवरचे ते पाच-सात सेकंद फार जड जातात. भीड भिकेची बहीण म्हणतात ती याच सेकंदांत भेटायला येते.

आकडा आला, समजा २,५००. तर म्हणायचं: ‘ठीक, २,५०० मध्ये बसवू. पूर्ण पानाऐवजी अर्धं पान, फक्त छापील अंक, वेबसाइट नाही.’ दोन खोल्यांच्या भाड्यात तीन खोल्या नाहीत, एवढंच. दर कमी झाला, पण दराची पद्धत शाबूत राहिली. पुढच्या वेळी पूर्ण पान हवं असेल तर चारच हजार लागतात हे त्यांच्या लक्षात राहतं.

‘नाव देऊ ना सर, प्रसिद्धी मिळेल.’ याला माझं उत्तर ठरलेलं आहे: नाव तर द्यायचंच आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे ही कलाकृती माझी आहे असं सांगण्याचा हक्क मला मोबदल्याखेरीज आहे, तो मोबदल्याचा भाग होत नाही. हे हसत सांगायचं. कलमाचा आकडा पहिल्याच फोनवर फेकला तर संवाद कोर्टात गेल्यासारखा होतो.

‘दुसऱ्या एकाचा फुकट मिळतोय.’ मिळत असेल. पण तसं असतं तर त्यांनी मला फोन का केला? मी म्हणतो, ‘तो चालत असेल तर जरूर घ्या, माझी काही हरकत नाही.’ निम्म्या वेळा ते तो घेतात. उरलेल्या निम्म्या वेळा दहा मिनिटांत पुन्हा फोन येतो.

पैसे खरंच नसतील तर बदल्यात काय मिळतं ते बघा. अर्ध्या पानाची माझ्या कार्यशाळेची जाहिरात, अंकाच्या दहा प्रती, लेखाशेजारी संपर्काची चौकट. अर्ध्या पानाच्या जाहिरातीची किंमत दरपत्रकात छापलेलीच असते, तेव्हा हा व्यवहार दोघांनाही स्पष्ट दिसतो.

आणि हो, काही जणांना मी फुकट देतो. स्वतःच्या पगारातून अंक काढणारा संपादक, शाळेचं वार्षिक, अंधांसाठीच्या संस्थेची स्मरणिका. पण फुकट द्यायचं तर फुकट म्हणून द्यावं. बिल करतो: वापरशुल्क २,०००, सवलत २,०००, देय शून्य. अटी तशाच लेखी. त्यामुळे ‘अमक्याला तर असाच दिलात’ म्हणणाऱ्याला दाखवायला कागद असतो.

कागदावर काय हवं

स्टॅम्पपेपर, वकील यांची गरज नाही, पण लेखी हवं. परवाना लेखी असावा असं कलम ३० सांगतं. शिवाय कलम १९ चे नियम परवान्यालाही लागू होतात आणि त्यातला एक फोटोग्राफरांना सहसा माहीत नसतो: मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरता. म्हणजे विसरभोळेपणाने तुम्ही एका अंकाच्या पैशात पाच वर्षांचं भाडं माफ करू शकता.

मी ई-मेल पाठवतो आणि ‘मान्य आहे’ असं उत्तर येईपर्यंत मोठी फाइल देत नाही. मजकूर साधारण असा:

‘दिवे घाट, वारी, फोटो क्र. ०४१७. आपल्या आषाढी विशेषांकात आतील एका पूर्ण पानावर, छापील मराठी आवृत्तीत, एकदा, संपादकीय वापरासाठी परवानगी. प्रती ५,००० पर्यंत. वेबसाइटवर लेखासोबत एक वर्ष, लांब बाजू १,००० पिक्सेलपर्यंत. परवाना अनन्य (एक्सक्लुझिव्ह) नाही. जाहिरात, कॅलेंडर, पुस्तक, पुनर्मुद्रण, प्रायोजकाला किंवा अन्य कुणाला देणे, तसेच एआय प्रशिक्षणासाठी वापर, यांचा समावेश नाही. फोटोलगत नाव छापावे. कापायचा असल्यास आधी दाखवावा. वापरशुल्क रु. ४,००० छापील, रु. १,००० वेब. अंक प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवसांत देय. फोटो निवडून मांडणीत घेतल्यावर वगळल्यास निम्मे शुल्क. अंकाच्या दोन प्रती.’

मोठ्या प्रकाशनांकडून त्यांचाच छापील करार येतो. त्यात ‘सर्व माध्यमांत, जगभर, कायमस्वरूपी, हस्तांतरणीय’ हे चार शब्द शोधा. एकत्र आले की ती फ्लॅटची विक्री आहे, भाडं नाही. मी त्या ओळीवर रेघ मारतो, शेजारी ‘या अंकापुरते’ लिहितो, सही करतो आणि परत पाठवतो. भांडत नाही. बऱ्याचदा ते तसंच मान्य होतं, कारण तो मसुदा कुणीतरी पूर्वी करून ठेवलेला असतो आणि उपसंपादकांना तो शब्दशः हवाच असतो असं नाही.

फाइल आणि बिल

बघण्यापुरती पाठवायची फाइल लांब बाजूला ८०० पिक्सेलच्या वर नको. १,२०० ची फाइल ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, चार इंच भरते, म्हणजे पाव पानाच्या आसपासचा फोटो छापून होतो. ए-फोर आकाराच्या पूर्ण पानाला २,४८० बाय ३,५०८ पिक्सेल लागतात. ती फाइल परवान्यानंतर, आणि व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून नको, कारण तिथे दर्जाही उतरतो आणि फाइलमध्ये भरलेली नाव-हक्काची माहितीही गळून पडते. मूळ रॉ फाइल कुणालाही देऊ नका. उद्या वाद झाला तर तोच तुमचा सातबारा.

बिल अंक निघाला त्याच दिवशी पाठवा. पॅन लिहा, नाहीतर टीडीएस (देणारा पैसे देतानाच कापतो तो आयकर) कापायची वेळ आली तर तो दहाऐवजी वीस टक्के कापला जातो. एप्रिल २०२५ पासून एकाच देणाऱ्याकडून वर्षाला ५०,००० पर्यंतच्या व्यावसायिक शुल्कावर तो कापायचा नसतो. कापला तर विवरणपत्र भरताना हिशेबात धरा. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर आपल्याकडे जीएसटी नोंदणी सहसा लागत नाही, तरी सीएला एकदा विचारून घ्या.

अडकलेल्या पैशांसाठी एक हत्यार फुकट मिळतं आणि फोटोग्राफर ते घेत नाहीत: उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून सरकारी नोंदणी. आधार आणि पॅनवर ऑनलाइन होते. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. काम घेण्याआधीच नोंदणी करा आणि बिलावर उद्यम क्रमांक टाका. वेळेत न दिलेली रक्कम मासिकाला ती प्रत्यक्ष देईपर्यंत आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही, त्यामुळे संपादकांपेक्षा त्यांचा अकाउंटंटच तो क्रमांक बघून आधी हलतो.

न विचारता छापला तर

आधी दोन अंक विकत घ्या, पावतीसकट. वेबवर असेल तर तारखेसह स्क्रीनशॉट. मग फेसबुकवर न लिहिता संपादकांना पत्र: फोटो माझा आहे, परवानगी नव्हती, सोबत बिल, पंधरा दिवसांत भरावे, पुढच्या अंकात नाव आणि दुरुस्ती छापावी. मी बिल नेहमीच्या दराच्या दुप्पट लावतो. बरेचदा चूक डीटीपीच्या टेबलावर झालेली असते आणि पत्रावरच मिटते. आधी फेसबुकवर बोंब मारली तर समोरचा अब्रू वाचवायला लागतो आणि पैसे बाजूला राहतात. नाहीच मिटलं तर वकिलाची नोटीस. मुंबईच्या प्रकाशनाविरुद्ध मुंबईलाच जावं लागतं असं नाही, कलम ६२ प्रमाणे तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५०,००० ते दोन लाख दंड आहे. नोटिशीत ते कलम वकील घालतोच, तुम्ही तोंडी धमकी देऊ नका.

दिलेल्या प्रत्येक परवान्याची एका वहीत ओळ ठेवतो: फोटो क्रमांक, कुणाला, कशासाठी, कधीपर्यंत. आणि संपायच्या महिनाभर आधीची आठवण मोबाइलवर. गेल्या वर्षी जूनमध्ये दिवे घाटाची आठवण वाजली तेव्हा वेबचं वर्ष संपत आलं होतं. उपसंपादिकेला मेसेज केला, ‘फोटो काढताय की मुदत वाढवताय?’ तिचं उत्तर आलं, ‘वाढवू या सर, पण यंदा आठशे.’ मी नऊशे म्हटलं. आठशे पन्नासला ठरलं.